कधीमधी लागणारा एअर हॅमर : हॅमरच्या आधी हवेचा हिशेब

धागालेखक

घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी एअर हॅमर, म्हणजे हवेच्या दाबावर छिन्नी ठोकणारे हत्यार, घ्यावे, असे गेले काही महिने मनात घोळत आहे. काम रोजचे नाही. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या सुटीच्या दिवशी जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधले बुश (बाहेर पोलादी कडे, आत रबर आणि मधोमध नळी असलेले जोड) काढणे, गंजून जाम झालेले नट सोडवणे आणि जाड पत्र्यावरचे जुने रिव्हेट उडवणे एवढीच माझी गरज आहे. आजवर ही कामे मी घण, पंच आणि छिन्नी यांच्यावर भागवत आलो. मागच्या खेपेला मात्र कंट्रोल आर्ममधला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यातला, एक बुश काढायला दीड तास ठोकत बसलो, तरी त्याचे बाहेरचे पोलादी कडे जागचे हलले नाही आणि शेवटी हात थकल्यावर पंच निसटून घण दोनदा अंगठ्यावर बसला.

माझ्याकडे २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. तो ८ बारला बंद होतो आणि दाब ६ बारपर्यंत उतरला की पुन्हा सुरू होतो. हॅमर पाहायला गेलो तेव्हा आखूड, मध्यम आणि लांब बॅरलचे असे तीन प्रकार दिसले. आखूड हॅमरच्या खोक्यावर मिनिटाला ४५०० ठोके लिहिलेले होते, तर लांब हॅमरवर जेमतेम २०००. ज्याचे ठोके जास्त तो ताकदवान, असे समजायचे का? छिन्नीच्या दांड्याची मापेही वेगवेगळी दिसली. ज्यांनी हे हत्यार स्वतः वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ठोक्यांच्या आकड्यावरून हॅमर निवडणे ही या खरेदीतली सर्वांत सामान्य चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एअर हॅमरच्या बॅरलमध्ये एक सुटा दट्ट्या असतो. झडप हवेला आळीपाळीने त्याच्या मागे आणि पुढे सोडते. मागून हवा आली की दट्ट्या पुढे धावतो, छिन्नीच्या दांड्याच्या टोकावर आदळतो आणि परत फिरतो. दट्ट्याचा व्यास बहुतेक घरगुती हॅमरमध्ये १९ मिमीच्या आसपास असतो. तीन प्रकारांत खरा फरक पडतो तो दट्ट्याच्या धावेत. आखूड बॅरलमध्ये ही धाव सुमारे ४० मिमी, मध्यम बॅरलमध्ये ६५ मिमीच्या आसपास आणि लांब बॅरलमध्ये ९० मिमीपर्यंत असते. धाव लांबली की एका फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून ठोके कमी होतात. पण तेवढ्याच दाबाखाली दट्ट्या जास्त अंतर ढकलला गेल्यामुळे प्रत्येक ठोका जड होतो.

आकड्यांत पाहू. १९ मिमी व्यासाच्या दट्ट्यावर ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय दाब असेल, तर त्यावर सुमारे १७५ न्यूटन बल येते. ४० मिमी धावेत त्यातून ७ ज्यूल मिळतात आणि ९० मिमी धावेत जवळजवळ १६ ज्यूल. घर्षण आणि गळती धरता प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळते, पण दोघांतले प्रमाण साधारण तेच राहते. जाम झालेला बुश पहिल्यांदा हलवायला जड ठोका लागतो. हलके ठोके कितीही पडले तरी ते कडे जागेवरच थरथरत राहते. उलट पातळ पत्रा कापताना जड ठोका त्रासदायक ठरतो, कारण छिन्नी पत्रा कापण्याऐवजी तो वाकवत जाते.

तुमच्या तिन्ही कामांचा विचार करता मी मध्यम बॅरल सुचवेन. त्याचे ठोके मिनिटाला ३००० ते ३५०० च्या दरम्यान असतात आणि पत्र्याच्या कामासाठी रेग्युलेटरने दाब उतरवला की तोच हॅमर पुरेसा मवाळ होतो. लांब बॅरलचा हॅमर ताकदीला नक्कीच सरस आहे, पण गाडीखाली उताणे झोपून, चाकामागच्या अडचणीच्या जागेत तो नीट धरता येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण हॅमरच्या आधी कॉम्प्रेसरकडे पाहायला हवे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हॅमरच्या माहितीपत्रकात हवेचा सरासरी खप ४ सीएफएमच्या आसपास लिहिलेला असतो. हत्यार मिनिटातला थोडाच वेळ चालते असे धरून अशी सरासरी काढलेली असते. खटका सतत दाबून धरला तर याच हॅमरला १० सीएफएम किंवा त्याहून अधिक हवा लागू शकते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर हवा, म्हणजे १० सीएफएमला मिनिटाला २८३ लिटर झाले.

आता तुमची टाकी पाहा. ५० लिटरच्या टाकीतला दाब ८ वरून ६ बारवर आला, तर तिने मोकळ्या हवेच्या मापाने १०० लिटर हवा दिली. सेकंदाला पावणेपाच लिटर खपत असेल, तर ही हवा एकवीस-बावीस सेकंदांत संपते. आणि लक्षात घ्या, तुमचा कॉम्प्रेसर ६ बारला सुरू होणारा आहे, त्यामुळे तो मदतीला येईपर्यंत टाकीतला दाब हॅमरला लागणाऱ्या दाबाखाली गेलेला असतो. मग हॅमर चालतो, आवाज तेवढाच करतो, पण ठोक्यात दम राहत नाही आणि माणसाला वाटते की आपण हत्यारच निकृष्ट घेतले.

कॉम्प्रेसरवर लिहिलेला सीएफएमचा आकडाही पुष्कळदा सिलिंडरच्या घनफळावरून काढलेला असतो. बाहेर प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. ती घरी मोजता येते. टाकीची झडप बंद ठेवा, दाब ६ बारवर असताना कॉम्प्रेसर सुरू होऊ द्या आणि काटा ८ वर पोचेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. तेवढ्या वेळात त्याने १०० लिटर हवा भरलेली असते. हे मोजून इथे लिहावे, मग पुढचे बोलता येईल.

धागालेखक

आज सकाळी तीन वेळा मोजले. वेळ अनुक्रमे ५२, ५१ आणि ५४ सेकंद आला. ५२ धरले तर मिनिटाला सुमारे ११५ लिटर, म्हणजे ४.१ सीएफएम होतात. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर मात्र ७ लिहिलेले आहे. याचा अर्थ माझ्या कॉम्प्रेसरवर एअर हॅमर चालवूच नये, असा घ्यायचा का?

प्रतिसाद २

तसा अर्थ मुळीच नाही. रोज आठ तास रिव्हेट तोडणाऱ्याला हा कॉम्प्रेसर पुरणार नाही, पण तुमचे काम थांबत-थांबत होणारे आहे. बुश काढताना दहा-पंधरा सेकंद ठोकायचे, छिन्नी उचलून कडे किती सरकले ते पाहायचे, कोन बदलायचा आणि पुन्हा ठोकायचे, ही त्या कामाची स्वाभाविक लय आहे. त्या मधल्या वेळात टाकी भरत राहते. खटका पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही आणि काटा ६ च्या खाली गेला की थांबायचे, एवढी शिस्त पाळलीत तर ५० लिटरची टाकी चालेल. पुढे कधी जुनी, सुस्थितीतली आणि तपासून घेतलेली दुसरी टाकी जोडता आली, तर सलग ठोकण्याचा वेळ दुप्पट होईल. मोठा कॉम्प्रेसर घेण्याची घाई मात्र करू नये.

प्रतिसाद ३

हवेच्या वाटेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कॉम्प्रेसरसोबत येणारी गुंडाळीची नळी आतून पुष्कळदा ५ किंवा ६ मिमीचीच असते. ती टायरमध्ये हवा भरायला ठीक आहे, पण हॅमर सुरू होताच तिच्यात दाब पडतो. रेग्युलेटरवर ६ बार दिसत असतो आणि हॅमरपर्यंत त्यातला बराच दाब पोचलेलाच नसतो. माझा पहिला हॅमर मी याच कारणाने जवळजवळ परत केला होता. नंतर आतून १० मिमीची रबरी नळी लावली आणि त्याच हॅमरने पूर्वी दाद न देणारी पिन दोन दमांत बाहेर काढली. दाब मोजायचाच असेल, तर तो हॅमरजवळ आणि खटका दाबलेला असताना मोजावा. हवा थांबलेली असताना काटा जे दाखवतो, त्यावरून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट जोडणीची. चटकन लागणारा कपलर थेट हॅमरच्या मुठीत बसवू नये. हादऱ्यांनी त्याचा पितळी भाग झिजतो आणि पोलादी टोक आट्यांच्या मुळाशी चिरते. माझ्याकडे ते टोक काम चालू असतानाच तुटले. सुदैवाने नळी भिंतीकडे उडाली, तोंडावर आली नाही. तेव्हापासून हॅमरच्या मुठीत अर्धा मीटर लांबीचा मऊ नळीचा तुकडा कायम जोडलेला ठेवतो आणि कपलर त्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला लावतो. यामुळे मनगटही मोकळे राहते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तंतू आत जाऊन झडपेत अडकतात.

प्रतिसाद ४

दांड्याच्या मापाविषयी. घरगुती हॅमरमध्ये सर्वाधिक दिसणारे माप १०.२ मिमीचे, म्हणजे ०.४०१ इंचाचे गोल आहे. जड कामाच्या हॅमरमध्ये १२.७ मिमीच्या आसपासचा दांडा असतो आणि काही हॅमरना षटकोनी दांड्याच्या छिन्न्या लागतात. तुम्ही गोल १०.२ मिमीच घ्यावा, कारण त्या मापाच्या छिन्न्या सर्वांत जास्त प्रकारांत मिळतात आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. खरेदी करताना व्हर्नियर सोबत न्यावे. छिन्नी हातात धरून बॅरलमध्ये सरकवावी. ती आपल्या वजनाने आत उतरली पाहिजे, पण बाजूला हलवून पाहिल्यास खुळखुळता कामा नये. खुळखुळणाऱ्या दांड्यावर ठोका तिरका बसतो आणि काही काळाने बॅरलचे तोंडच रुंदावते.

छिन्नी धरून ठेवणारी स्प्रिंग दोन तऱ्हेची असते. एक मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुंडाळलेली, आट्यांवर फिरवून बसवायची. दुसरी मागे ओढून सोडायची, चटकन बदलणारी. दुसरी सोयीची आहे यात शंका नाही. पण कधीमधी वापरणाऱ्याला मी पहिलीच घ्यायला सांगेन, कारण ती सर्व प्रकारच्या छिन्न्यांना घट्ट धरते आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते. फक्त ती शेवटच्या आट्यापर्यंत फिरली आहे ना, हे दर वेळी हाताने पाहावे. एकदा घाईत मी ती दोनच वेढे फिरवली होती. खटका दाबताच स्प्रिंग सुटली आणि छिन्नी समोरच्या लाकडी फळीत बोटभर रुतून बसली. त्या फळीसमोर कोणी उभे नव्हते, एवढेच. म्हणून छिन्नीचे टोक कामावर टेकवून दाब दिल्याशिवाय खटका कधीही दाबू नये. मोकळ्या हवेत चालवल्याने दट्ट्याचा सगळा मार स्प्रिंगवर बसतो आणि ती तुटते.

प्रतिसाद ५

एअर हॅमरची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न मी विचारू इच्छितो. बुश काढण्यासाठी आट्यांचा जाड बोल्ट, योग्य व्यासाचे दोन पाइपचे तुकडे आणि काही वॉशर एवढ्यात घरगुती ओढण बनवता येते. ती बुश सरळ रेषेत आणि बिनआवाज ओढून काढते. ज्यांना काँक्रीट किंवा फरशी फोडायची आहे, त्यांनी तर विजेवर चालणारा, फक्त ठोकण्याची सोय असलेला हॅमर ड्रिलच घ्यावा. हवेवर चालणारे हे छोटे हत्यार त्या कामासाठी नाही.

प्रतिसाद १

फरशीच्या बाबतीत तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. ओढणही मी वापरतो आणि नवा बुश बसवताना तीच वापरावी, कारण ठोकून बसवलेला बुश तिरका जातो. परंतु गंजाने धरलेल्या जुन्या कड्यावर ओढण लावल्यास पुष्कळदा रबर फाटून मधली नळी तेवढी बाहेर येते आणि बाहेरचे कडे आतच राहते. मग त्याची कड छिन्नीने आत वळवण्याशिवाय मार्ग नसतो, आणि तिथे हॅमर दहा मिनिटांत जे करतो ते हाताने करायला दोन तास जातात.

जाम नटाबद्दलही असेच आहे. तिथे हॅमरचे काम कापण्याचे नसून हलवण्याचे असते. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी सोडून ठेवावे, दुसऱ्या दिवशी हॅमरमध्ये बोथट टोकाचा पंच बसवून, दाब ३ ते ४ बारवर आणून, बोल्टच्या डोक्यावर पाच-सात सेकंद थरथर द्यावी आणि मग पाना लावावा. हादऱ्यांनी आट्यांमधला गंज फुटतो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. बोल्ट तुटून आट्यांचे नुकसान होण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

प्रतिसाद ६

छिन्न्यांबाबत थोडे. सोबत मिळणाऱ्या संचात बहुधा चार-पाच छिन्न्या असतात. त्यांतली सपाट छिन्नी, निमुळता पंच आणि पत्रा कापणारी छिन्नी एवढ्याच तुमच्या उपयोगाच्या आहेत. बॉल जॉइंट सुटा करण्यासाठी दोन बोटांचा काटा मिळतो, पण तो रबरी टोपण हमखास फाडतो, म्हणून जॉइंट बदलायचाच असेल तेव्हाच तो वापरावा.

सपाट छिन्नीची धार कशी राखतो, ते जरा तपशिलाने सांगतो. छिन्नीचे टोक सहाणेच्या चाकावर धरले की आधी ते फिकट पिवळे दिसते, मग तपकिरी, जांभळे आणि शेवटी निळे. निळे दिसले म्हणजे तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे. ती धार पुढच्या कामात लगेच मुडपते. म्हणून दोन सेकंद चाकावर आणि लगेच पाण्यात, अशा पद्धतीने धार लावावी आणि बोट ठेवून टोक थंड आहे ना, ते पाहावे. दांड्याच्या बाजूला मात्र चाक कधीही लावू नये. हातोडीने ठोकायच्या साध्या छिन्न्याही हॅमरमध्ये घालू नयेत. त्यांचे पोलाद या माऱ्यासाठी घडवलेले नसते.

प्रतिसाद ७

कान आणि हात यांच्याबद्दल मी कळकळीने लिहीत आहे, कारण माझ्या उजव्या कानाची झालेली हानी आता भरून येणारी नाही. पत्र्यावर चालणाऱ्या एअर हॅमरचा आवाज १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तास सोसता येतो आणि दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. काम कधीमधीचे असले तरी कानावर झाकणे लावल्याशिवाय खटका दाबू नये. चष्मा बाजूने बंद असलेला वापरावा.

हाताचा विषय याहून जुना आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडी घडवणारे कारागीर हवेची छिन्नी वापरत असत. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरी आणि बधिर पडत असल्याचे त्यांनी नोंदवले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनांसाठी ८ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षतेची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. एखाद्या हत्याराचे कंपन १० असेल, तर दक्षतेची पातळी अर्ध्या तासातच गाठली जाते. म्हणून माहितीपत्रकात कंपनाचा आकडा दिलेला हॅमर निवडावा, मूठ आवळून धरू नये आणि बोटांना मुंग्या आल्यास त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. मध्यम बॅरलचा, १०.२ मिमी गोल दांड्याचा, आट्यांच्या स्प्रिंगचा हॅमर घेतला. सोबत आतून १० मिमीची नळी, मुठीसाठी अर्ध्या मीटरचा तुकडा आणि कानांची झाकणे घेतली. काल तोच हट्टी कंट्रोल आर्म पुन्हा व्हाइसमध्ये धरला.

आधी करवतीने रबर आणि मधली नळी काढली. मुठीच्या तोंडातून तेलाचे चार थेंब सोडले, दाब ६ बारवर ठेवला आणि सपाट छिन्नी कड्याच्या कडेला, आर्मच्या बाजूने आत झुकवून टेकवली. पहिले दहा सेकंद नुसता खणखणाट होत राहिला आणि कड्यावर एक चकचकीत रेघ तेवढी उमटली. दुसऱ्या दमात आवाज बदलला. खणखणीतचा बद्द झाला, तेव्हा मी थांबून पाहिले, तर कडेचा नखाएवढा भाग आत वळला होता. तिथून पुढे दर दमाला ती घडी लांबत गेली. मध्ये दोनदा टाकी भरण्याची वाट पाहिली. सातव्या दमानंतर कडे इतके आक्रसले की पंच लावून दिलेल्या शेवटच्या थोड्या ठोक्यांनी ते खालच्या डब्यात पडले. हे सगळे पाव तासात झाले.

एक शंका उरली आहे. छिन्नी एका जागी घसरल्यामुळे आर्मच्या भोकात आतल्या बाजूला सुमारे १० मिमी लांबीचा ओरखडा पडला आहे. त्याची कड बोटाला लागते. नवा बुश असाच बसवावा का?

प्रतिसाद १

तसाच बसवू नये. ओरखड्याच्या काठावर धातू वर उचलला गेलेला असतो आणि तो नव्या कड्याला खरवडून तिरके करतो. अर्धगोल बारीक कानशीने फक्त ती उचललेली कड भोकाच्या गोलाईने हळूहळू उतरवा. खड्डा भरून निघेपर्यंत घासू नका, नाहीतर भोकच मोठे होईल. बोट फिरवल्यावर कड लागेनाशी झाली की थांबावे, मग भोक पुसून ओढणीने बुश आत घ्यावा. ओरखड्याच्या तळाला बारीक चीर दिसली, तर मात्र तो आर्म पुन्हा गाडीला लावू नका. आणि हॅमर ठेवताना पुन्हा तेलाचे थेंब सोडून दोन सेकंद लाकडावर टेकवून चालवा, टाकीतले पाणी काढून टाका. तीन महिने बंद राहणाऱ्या हॅमरचा दट्ट्या त्या पाण्यानेच गंजून अडकतो.